अंगण अजून तिचे झालेले नाही

पशुवैद्यकीय सल्ला : वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे नव्याने घरी आणलेल्या कुत्र्यांविषयी आहेत. त्यांतील पाच येथे घेतली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे, कारण त्यात विचारलेली शंका थोड्याफार फरकाने इतर अनेकांनीही विचारली आहे.

प्रश्न : निवृत्तीनंतर आम्ही दोघे पुण्यातील फ्लॅट सोडून रत्नागिरी तालुक्यातील आमच्या जुन्या घरी राहायला आलो आहोत. येताना प्राण्यांच्या एका निवाऱ्यातून अंदाजे तीन वर्षांची गावठी कुत्री दत्तक घेतली. चार दिवस झाले, ती माजघरातील कॉटखालून बाहेर येत नाही. दिवसा काही खात नाही, पण सकाळी ताटली रिकामी झालेली दिसते. अंगण मोठे असून भोवती चिऱ्यांचा गडगा आहे, मागीलदारी विहीर आणि त्यापुढे माड-पोफळींची वाडी आहे. शेजारी सांगतात की आठ दिवस साखळीने बांधून ठेवा, म्हणजे ती घर ओळखेल, मग खुशाल मोकळी सोडा. हे योग्य आहे का, आणि अंगण तिच्यासाठी सुरक्षित कसे करावे?
— एक वाचक दांपत्य, रत्नागिरी तालुका

उत्तर : रात्री ताटली रिकामी होते, ही आपल्या पत्रातील सर्वांत चांगली बातमी आहे. घर निजल्यावर ती बाहेर येते, खाते, पाणी पिते आणि बहुधा खोल्याही हुंगून पाहते. म्हणजे घराची ओळख तिने आपल्या परीने सुरू केलेली आहे. नव्या जागी रुळण्यासाठी कुत्र्याला पहिले तीन दिवस धास्ती ओसरायला, तीन आठवडे दिनक्रम कळायला आणि तीन महिने हे घर आपले वाटायला लागतात, असा एक ठोकताळा सांगितला जातो. तो ठोकताळाच आहे. काही कुत्री आठवड्यात अंगणभर हुंदडतात, काहींना वर्ष लागते. मात्र दोन दिवस अन्नाला अजिबात तोंड लावले नाही, दिवसभर पाणी प्यायली नाही, उलट्या किंवा रक्ताचे जुलाब झाले, अथवा हिरड्या पांढुरक्या दिसल्या, तर तो बुजरेपणा नसून आजार आहे असे समजून लगेच डॉक्टरांकडे न्यावे.

तिला कॉटखालून ओढून काढू नये. दिवसातून दोन-तीन वेळा कॉटपासून हात-दीड हातावर, तिच्याकडे पाठ करून जमिनीवर बसावे, वर्तमानपत्र वाचावे आणि मधूनमधून उकडलेल्या अंड्याचा किंवा कोंबडीचा तुकडा न बोलता मागे सरकवावा. पहिल्या दिवशी ती तुकडा घेणार नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी आपण उठण्याआधी घेईल, आणि एखाद्या संध्याकाळी कोपराला ओले नाक लागेल, तेव्हा वळून पाहण्याचा मोह आवरावा. ती वारंवार ओठ चाटत असेल, झोप नसताना जांभया देत असेल किंवा मान न वळवता डोळ्यांच्या कडांनी पाहत असताना बुबुळांशेजारचा पांढरा भाग दिसत असेल, तर ती आपल्याला दूर व्हायला सांगत आहे. तेवढ्यावर थांबलो तर तिला गुरगुरावे लागत नाही. ‘नवीन कुत्री बघायला’ येणारी मंडळी पहिले दोन आठवडे ओटीवरूनच परत जातील, हे आपणच पाहावे लागेल. आपल्याकडे आल्या-गेल्याला नाही म्हणणे अवघड असते, याची मला कल्पना आहे.

आता साखळीविषयी. शेजाऱ्यांचा हेतू चांगला आहे, सल्ला मात्र चुकीचा आहे. घाबरलेल्या जनावरासमोर पळणे किंवा चावणे हे दोनच मार्ग असतात आणि साखळी त्यांतला पहिला काढून घेते. बांधलेल्या कुत्र्याच्या अंगावर पोस्टमन, शेजारचे मूल, वाट चुकलेले वासरू असे कोणीही चालून आले की मागे सरकायला जागा उरत नाही. वर्षानुवर्षे बांधून ठेवलेली कुत्री चावरी होतात ती यामुळेच. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० याच्या अकराव्या कलमाने, फार आखूड किंवा जड साखळीने जनावराला अवाजवी काळ बांधून ठेवणे आणि कायम बांधलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणे, या दोन्ही गोष्टी गुन्ह्यांत धरल्या आहेत. कायदा बाजूला ठेवला तरी बांधल्याने घर ओळखते हा समजच निराधार आहे. ठरल्या वेळी मिळणारे खाणे, रोज तीच झोपायची जागा आणि त्याच माणसांचा वावर यांतून कुत्रे घर ओळखते.

मग लगेच मोकळी सोडावी का? तेही नाही. तिच्या लेखी हे अंगण अद्याप परके आहे, आणि आज ती गडग्यापलीकडे गेली तर परत यायचे कुठे, हेच तिला ठाऊक नाही. माझ्या घरी आलेल्या पहिल्या कुत्र्याच्या बाबतीत ही चूक मी स्वतः केली होती. टेम्पोतून सामान उतरवताना फाटक अर्धे उघडे राहिले, पितळी डबा पडल्याचा आवाज झाला आणि तो निघून गेला. दोन दिवसांनी तो सापडला एसटी थांब्याच्या मागे, जिथे टेम्पो चहासाठी थांबला होता, म्हणजे आमच्या घरापेक्षा ती टपरीच त्याला जास्त ओळखीची होती. म्हणून पहिले किमान तीन आठवडे अंगणातही तिला दोरीवरच न्यावे, दिवसातून चार-पाच वेळा, त्याच दाराने आणि त्याच वाटेने. नुसता पट्टा घातलेले बुजरे कुत्रे मागे सरून मान सोडवून घेते, म्हणून छातीवरून जाणारा हार्नेस घालावा आणि पट्ट्याखाली दोन बोटे सरकतील एवढाच सैल ठेवावा. पट्ट्यावर आपला दूरध्वनी क्रमांक कोरलेला बिल्ला असावा. मायक्रोचिप बसवून घेतली तर उत्तमच, पण गावात चिप वाचणारे यंत्र कोणाकडे असेलच असे नाही. बिल्ला मात्र कोणालाही वाचता येतो.

गडगा तपासताना उभ्याने फेरी मारून उपयोग नाही. गुडघे आणि हात टेकून, कुत्र्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून एकदा पूर्ण फेरी करावी, शेजाऱ्यांनी हसले तरी चालेल. पावसाचे पाणी जाण्यासाठी गडग्याच्या तळाशी ठेवलेले भोक वरून गवताने झाकलेले असते आणि गावठी कुत्रीचे डोके त्यातून सहज जाते. डोके गेले की धड जातेच. निसटलेल्या चिऱ्यांच्या पायऱ्या होतात, गडग्याला टेकवून रचलेली लाकडे म्हणजे तयार शिडीच. आपल्याकडे अजून आडव्या दांड्यांचे बेडे असेल तर ते गुरांना अडवते, कुत्र्याला नाही. त्याला आतून खालपर्यंत जाळी मारावी. शक्य असल्यास ओटीच्या पायऱ्यांजवळ दुसरे छोटे फाटक करावे, म्हणजे एक उघडे राहिले तरी दुसरे बंद असेल.

विहिरीला कंबरेएवढा कठडा असला तरी त्यावर लोखंडी जाळीचे झाकण बसवावे. कुत्र्याला पोहता येते, पण उभ्या चिऱ्यांच्या विहिरीतून वर येता येत नाही, आणि कठड्यावरच्या बेडकामागे झेप घेताना खाली काय आहे याचा विचार ते करत नाही.

पावसाळा जवळ आला आहे, म्हणून वाडीविषयी थोडे सविस्तर लिहितो. नारळाच्या सोडणांचा ढीग, पातेऱ्याचा थर आणि सुट्या चिऱ्यांची रास ही कोकणात फुरशाच्या आवडीची ठिकाणे आहेत. घराच्या वीस-पंचवीस पावलांत यांतले काही ठेवू नये आणि अंधार पडल्यावर बॅटरीशिवाय तिला बाहेर नेऊ नये. कुत्र्याला दंश बहुधा तोंडावर किंवा पुढच्या पायावर होतो, कारण ते नाकाने चौकशी करते. तोंड किंवा पंजा अचानक सुजला, तर आवळून बांधणे, चिरा देणे, औषधी पाला लावणे यांत वेळ घालवू नये. तिला शक्यतो चालवू नये, उचलून न्यावे आणि निघण्यापूर्वीच डॉक्टरांना फोन करून सर्पविषावरील लस शिल्लक आहे का, हे विचारावे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर एकच लस चालते, त्यामुळे साप पकडून बरोबर नेण्याची गरज नसते. पहिल्या पावसात बाहेर पडणारे खरबरीत अंगाचे भेक तोंडात धरले तर कुत्र्याच्या तोंडाला फेस येतो. अशा वेळी तिचे तोंड खाली झुकवून, पाणी घशात जाणार नाही अशा बेताने हिरड्या आणि जीभ धुवावी. थरथर किंवा झटके दिसल्यास दवाखाना गाठावा.

याच दिवसांत उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो, आणि तो माणसांनाही होतो. निवाऱ्याने दिलेल्या लसीकरणाच्या पुस्तिकेत रेबीजबरोबर लेप्टोची नोंद आहे का, हे आजच पाहावे. उंदरांसाठी विषाच्या वड्या टाकण्याची सवय असेल तर ती सोडावी. वडी खाऊन मेलेला उंदीर कुत्र्याने खाल्ला तरी काही विषांची बाधा होऊ शकते. दारातील कण्हेर, तांबडी असो वा पिवळी, मुळापासून फुलापर्यंत विषारी आहे. ती तोडाच असे मी म्हणणार नाही, पण छाटलेल्या फांद्या अंगणात पडू देऊ नयेत.

गोचिडांसाठी रोज रात्री बोटांच्या बेचक्या, कानांच्या आतली बाजू आणि पट्ट्याखालची जागा चाचपावी. कुत्र्यावरील तपकिरी गोचीड घराच्या भिंतींच्या फटींत राहते आणि एक मादी हजारांच्या संख्येने अंडी घालते, त्यामुळे नुसते कुत्रे धुऊन ती संपत नाही, फटीही बुजवाव्या लागतात. गोठ्यात गुरांवर मारायचे औषध अंदाजाने कुत्र्याच्या अंगावर ओतू नये. विषबाधा होऊन दरवर्षी अशी दोन-चार कुत्री माझ्यासमोर येतात, आणि प्रत्येक वेळी मालकाने ते औषध प्रेमापोटीच लावलेले असते.

प्रश्न : जुन्नर तालुक्यात आमची शेतातच वस्ती आहे. राखणीसाठी दीड वर्षाचा कुत्रा आणला आहे. रात्री तो घराबाहेर झापाखाली बांधलेला असतो, पण अंधार पडला की दाराशी येऊन रडतो. त्याची ही सवय कशी मोडावी?
— एक शेतकरी वाचक

उत्तर : ही सवय मोडू नये, त्याला आत घ्यावे. आपल्या भागात उसात बिबट्या असतो, हे मी आपल्याला सांगण्याची गरज नाही. त्याला कुत्रा किती आवडतो, हे मात्र आकड्यांत सांगतो. शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास झाला होता, त्यात त्यांच्या आहारात वजनाच्या हिशेबाने सुमारे ३९ टक्के वाटा एकट्या कुत्र्यांचा आढळला, शेळ्यांपेक्षाही अधिक. बाहेर बांधलेला कुत्रा बिबट्याला घरापर्यंत यायला शिकवतो, आणि घराबाहेर आपली मुलेही झोपत असतील.

त्याला रात्री पडवीत, चारही बाजूंनी आणि वरूनही बंद असलेल्या जाळीच्या खोपट्यात किंवा सरळ घरात ठेवावे. वरची बाजू उघडी असेल तर बाकीच्या जाळीचा उपयोग नाही. राखण तो आतूनही करतो. आपल्याला त्याचे नाक आणि आवाज हवा आहे, आणि तो भिंतीआडूनही चालतो. अंगणात रात्री दिवा असावा, उष्टे-खरकटे आणि कोंबड्यांचे अवशेष घराजवळ टाकू नयेत. त्याचे जेवण दिवस मावळण्यापूर्वी आटोपावे, म्हणजे शौचासाठी अपरात्री बाहेर न्यावे लागत नाही.

प्रश्न : गेल्या दिवाळीत आमचे तीन महिन्यांचे पिल्लू पार्व्होने दगावले. आता मुलीच्या हट्टामुळे नवीन पिल्लू आणायचे ठरले आहे. अंगण दोनदा फिनेलने धुतले आहे. आणखी काय करावे?
— एक वाचक, सांगली

उत्तर : पार्व्होचा विषाणू चिवट असतो. सावलीच्या ओलसर मातीत तो कित्येक महिने, क्वचित वर्षाहूनही अधिक टिकतो आणि फिनेलवर भरवसा ठेवता येत नाही. फरशी, पायऱ्या आणि भांडी आधी साबणाने स्वच्छ करून, घरगुती ब्लीचचा एक भाग तीस भाग पाण्यात मिसळून ते पाणी किमान दहा मिनिटे पृष्ठभागावर ओले राहू द्यावे आणि नंतर धुऊन काढावे. मातीवर ब्लीच ओतून मात्र काही साधत नाही, कारण मातीतील सेंद्रिय अंशाने त्याचा जोर संपतो. तिथे ऊन आणि काळ हेच औषध. जुन्या पिल्लाचे अंथरूण आणि खेळणी जाळून टाकावीत. मुलीने आठवण म्हणून एखादे जपून ठेवले नाही ना, हे हळुवारपणे विचारावे.

थांबणे शक्य असेल तर पुढची दिवाळी उलटू द्यावी. नसेल, तर पिल्लाऐवजी पूर्ण लसीकरण झालेला मोठा कुत्रा घ्यावा, हा माझा आवडता सल्ला आहे आणि तो क्वचितच कोणी ऐकते. पिल्लूच आणायचे असेल, तर पहिली लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयात आणि पुढच्या मात्रा दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवड्यांचे होईपर्यंत देतात. आईच्या दुधातून आलेल्या संरक्षक द्रव्यांमुळे लवकर दिलेली लस कधी कधी लागू पडत नाही, म्हणून ही शेवटची मात्रा चुकवू नये. बहुधा तीच चुकते. रेबीजची लस तीन महिन्यांनंतर द्यावी. शेवटच्या मात्रेनंतर दोन आठवडे होईपर्यंत पिल्लाचे पाय त्या अंगणाला लागू देऊ नयेत, शौचासाठी गच्चीत जुन्या वर्तमानपत्रांची सवय लावावी.

पण त्याला कोंडूनही ठेवू नये. माणसे, रिक्षाचा आवाज, छत्री, कुकरची शिट्टी यांची भीती मोडण्याचे वय नेमके हेच असते आणि साधारण चौदाव्या आठवड्यानंतर ते सरते. म्हणून रोज कडेवर घेऊन त्याला गल्लीच्या टोकापर्यंत फिरवून आणावे. मुलीला हे काम द्यावे, ती ते मनापासून करील.

प्रश्न : आमचा आठ महिन्यांचा कारवानी कुत्रा पाच फुटी भिंतीवरून उडी मारून शेजारच्या शेळ्यांमागे धावतो. भांडणे होऊ लागली आहेत. भिंत किती उंच करावी?
— एक वाचक, लातूर जिल्हा

उत्तर : २००५ साली टपाल खात्याने देशी कुत्र्यांवर तिकिटे काढली, त्यांत मुधोळ हाऊंड होता; आपला कारवानी त्याच्याच कुळातला. हे कुत्रे नाकापेक्षा डोळ्यांनी शिकार करते. हलणारी वस्तू दिसली की ते धावते, आणि धावू लागल्यावर आपली हाक त्याच्या कानापर्यंत पोहोचत नाही. त्यामुळे भिंतीच्या उंचीइतकाच, तिच्यातून आणि तिच्यावरून काय दिसते हाही विचार करावा. जाळीचे फाटक पत्र्याने बंद करावे, भिंतीलगतचा ओटा किंवा पाण्याची टाकी हलवावी, कारण उडीचा पाया तोच असतो. भिंत सहा-साडेसहा फूट करून तिच्या माथ्यावर आतल्या बाजूला झुकलेली दीड फुटाची जाळी लावली, तर बहुतेक कुत्री तो नाद सोडतात. भिंतीवर काचा मात्र मुळीच लावू नयेत; पोट फाटलेला कुत्रा शिवण्याचा प्रसंग माझ्यावर एकदा आला आहे.

याला रोज पोटभर धावायला मिळाले नाही तर कोणतीही भिंत अपुरीच पडेल. पहाटे, शेळ्या सुटण्यापूर्वी, कुंपण असलेल्या मोकळ्या रानात त्याला न्यावे आणि दहा-बारा मीटरची दोरी हार्नेसला बांधावी, गळ्यातल्या पट्ट्याला नव्हे, कारण भरधाव वेगात दोरीचा हिसका बसल्यास मानेला इजा होते. शेजाऱ्यांची शेळी जखमी झाली असेल तर उपचाराचा खर्च आपण होऊन द्यावा. कुत्र्याला गावात नांदायचे आहे.

प्रश्न : घरात सहा वर्षांची मांजर आहे आणि येत्या रविवारी कुत्रा येत आहे. समोरासमोर आणले की दोन दिवसांत जमेल का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : दोन दिवसांत नाही. पहिला आठवडा दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत ठेवावे आणि एकाच्या अंगाखालचे फडके दुसऱ्याच्या खोलीत टाकावे, म्हणजे भेटीपूर्वी वासाची ओळख होते. त्यानंतर दार बोटभर उघडून दोन्ही बाजूंना खायला द्यावे. प्रत्यक्ष भेटीत दोरी कुत्र्याला असावी, मांजरीला कधीही नसावी, आणि तिला चढून बसायला कपाटाचा माथा मोकळा ठेवावा. कुत्र्याच्या मानेवर टाकायच्या गोचीडनाशकाच्या पाकिटावर परमेथ्रिन असे लिहिलेले असेल, तर ते या घरात वापरू नये. कुत्र्याला चालणारे हे औषध मांजरीने त्याच्या अंगावरून चाटले किंवा त्याला खेटून झोपली, तरी तिच्या जिवावर बेतू शकते. रविवारपूर्वी आपल्या डॉक्टरांकडून दोघांना चालेल असे दुसरे औषध लिहून घ्यावे.